एक सर्व्हर, १,३१,०७२ दारं

भाड्याने एक सर्व्हर घेतला. त्यावर फक्त एक वेबसाइट. मेल नाही, ऑफिसच्या फायली नाहीत, प्रिंटर नाही. जगाला दिसायला हवीत अशी पोर्ट, म्हणजे दारं, दोनच: साध्या वेबसाठी ८० आणि कुलूपबंद वेबसाठी ४४३. बाकीच्या पोर्टवर कुठलाच प्रोग्राम ऐकत नसेल, तर तिथे आलेल्या पॅकेटला मशीन स्वतःच ‘इथे कोणी नाही’ म्हणून परत पाठवतं. आणि जी दोन पोर्ट उघडी ठेवायची आहेत, ती पॅकेट्स अडवणाऱ्या फायरवॉललाही उघडीच ठेवावी लागतात. मग मध्ये ही फायरवॉल बसवून साधायचं काय?

प्रश्न आळशी माणसाचा नाही. अनुभवी सिस्टिम ॲडमिन तो गंभीरपणे विचारतात, आणि त्यांच्या बाजूने पुरावाही आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो सुपरकॉम्प्युटर सेंटरने आपली मशीन्स फायरवॉलशिवाय इंटरनेटवर ठेवली होती. प्रत्येक मशीनची मांडणी एकसारखी, नको त्या सेवा बंद, पॅच, म्हणजे दोषांवरच्या दुरुस्त्या, वेळच्या वेळी. जवळपास चार वर्षं त्यांच्या मशीनवर कोणालाही रूटचा, म्हणजे सर्वाधिकाराचा, ताबा मिळवता आला नाही. २००४ मध्ये घुसखोर आले ते चोरलेले पासवर्ड घेऊन, रीतसर लॉगिन करून. तिथे फायरवॉल असती तरी तिने त्यांना आत सोडलंच असतं.

म्हणजे ‘फायरवॉल हवीच’ असं छापील उत्तर देऊन भागणार नाही. हिशेबच मांडायला हवा.

दारं किती, ठोठावणारे किती

पोर्टचा क्रमांक १६ बिटांत लिहितात. त्यामुळे टीसीपीची ६५,५३६ आणि यूडीपीची तेवढीच, अशी एका पत्त्यावर एकूण १,३१,०७२ पोर्ट होतात. वेबसाइटला त्यातली दोन लागतात. नवा एचटीटीपी/३ वापरत असाल तर यूडीपीचं ४४३ धरून तीन. सर्व्हर दुरून सांभाळण्यासाठी एसएसएचचं २२ धरलं तर चार. उरली १,३१,०६८. त्यातलं एकही चुकून उघडं राहायला नको.

आता ठोठावणाऱ्यांकडे बघू. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते ३२ बिटांचे: एकूण ४,२९,४९,६७,२९६. राखीव पत्ते वजा केले तर सार्वजनिक वापराचे उरतात सुमारे ३७० कोटी. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या झाकिर दुरुमेरिक, एरिक वुस्ट्रो आणि ॲलेक्स हॅल्डरमन यांनी झेडमॅप नावाचा प्रोग्राम जाहीर केला. एक साधं मशीन, एक गिगाबिटची लाइन, आणि जगातल्या प्रत्येक आयपीव्ही४ पत्त्याचं एक ठरावीक पोर्ट तपासायला लागलेला वेळ ४५ मिनिटांहून कमी. सेकंदाला सुमारे १४ लाख पॅकेट्स.

त्याच वर्षी रॉबर्ट ग्रॅहम यांचा मासस्कॅन आला. योग्य नेटवर्क कार्ड आणि तेवढी रुंद लाइन असेल तर तो सेकंदाला १ कोटी पॅकेट्स सोडू शकतो. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. या वेगाने अख्ख्या मुंबईतल्या प्रत्येक माणसाचं दार सव्वा सेकंदात वाजवून होतं. ३७० कोटी पत्त्यांना लागतात जेमतेम सहा मिनिटं. सगळ्या पत्त्यांची सगळी टीसीपी पोर्ट तपासायची म्हटली तरी २८० दिवसांत काम फत्ते, तेही एकाच मशीनवर. दोन्ही प्रोग्राम फुकट मिळतात.

‘माझी साइट लहान, मला कोण शोधणार’ हा युक्तिवाद इथेच संपतो. शोधणाऱ्याला कोणालाच वगळायचं नसतं, कारण वगळण्याचा विचार करण्यापेक्षा सगळ्यांना ठोठावणं स्वस्त पडतं. सोफोस या सुरक्षा कंपनीने २०१९ मध्ये ॲमेझॉनच्या जगभरातल्या दहा डेटा सेंटरांत आमिष म्हणून दहा सर्व्हर उभे केले. त्यातला एक मुंबईत होता. साओ पाउलोतल्या सर्व्हरवर लॉगिनचा पहिला प्रयत्न झाला तो ५२व्या सेकंदाला. तीस दिवसांत दहा सर्व्हर मिळून ५० लाखांहून अधिक प्रयत्न नोंदले गेले. सरासरी काढली तर एका सर्व्हरवर मिनिटाला सुमारे १३. या सर्व्हरांची कुठे जाहिरात नव्हती, त्यांना नाव नव्हतं, त्यांवर काही ठेवलेलंही नव्हतं.

मिनिटाला १३ म्हणजे दिवसाला १८,७२०. भारतातल्या सर्व्हरचे लॉग १८० दिवस जपून ठेवावेत असा सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेचा २०२२चा आदेश आहे. तेवढ्या काळात एका निनावी सर्व्हरच्या लॉगमध्ये फसलेल्या लॉगिनच्या ३३ लाख ६९ हजार ६०० ओळी साठतील. खरी घुसखोरी झाली असेल तर तिची ओळ या ढिगातच कुठेतरी दडलेली असणार. एसएसएचचं पोर्ट फक्त आपल्या ठरलेल्या पत्त्याला उघडं ठेवणारा फायरवॉलचा एक नियम या बहुतेक ओळी गायब करतो, आणि लॉग माणसाने वाचण्याजोगा होतो. हा फायदा छोटा नाही.

आयपीव्ही६ने सुटका होईल असं काहींना वाटतं. तिथे एकाच नेटवर्कच्या वाट्याला १,८४,४६७ कोटी कोटी क्रमांक येतात, म्हणजे १८वर १८ शून्यांहूनही मोठी संख्या. सेकंदाला १ कोटीच्या वेगाने ते चाळायला ५८ हजार वर्षं लागतील. पण वेबसाइट लपण्यासाठी नसतेच. तिचं नाव डीएनएसमध्ये असतं, आणि तिचं सर्टिफिकेट निघालं की ते नाव सार्वजनिक नोंदवहीतही चढतं. ती वही चाळणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात.

उघड्या दारातून काय काय येतं

आता नाण्याची दुसरी बाजू. फायरवॉल लावली म्हणजे वेबसाइट सुरक्षित झाली, असं समजणाऱ्यांसाठी तीन तारखा पुरेशा आहेत.

१९ जुलै २००१. कोड रेड नावाचा आपोआप पसरणारा प्रोग्राम १४ तासांच्या आत ३ लाख ५९ हजार सर्व्हरांवर पोहोचला. तो पोर्ट ८०मधूनच आला, कारण दोष मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमध्येच होता. त्या दोषाचा पॅच महिनाभर आधी, १८ जूनला निघालेला होता.

७ एप्रिल २०१४. हार्टब्लीड जाहीर झाला. ओपनएसएसएलमधल्या या चुकीमुळे पोर्ट ४४३वर एक नीटनेटकी दिसणारी विनंती पाठवली की सर्व्हर आपल्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा काढून देत असे. पासवर्ड, सेशन, कधी खुद्द खासगी किल्ली. पुन्हा विचारलं की पुन्हा ६४. नेटक्राफ्टच्या मोजणीनुसार विश्वासार्ह सर्टिफिकेट असलेल्या सुमारे ५ लाख साइट्स यात सापडल्या होत्या.

ऑगस्ट २०२३. एचटीटीपी/२मध्ये विनंती पाठवून लगेच रद्द करण्याची जी सोय आहे, तिचाच हत्यारासारखा वापर झाला. गूगलने सेकंदाला ३९ कोटी ८० लाख विनंत्यांचा मारा नोंदवला. दोन मिनिटांच्या त्या माऱ्यात जेवढ्या विनंत्या आल्या, तेवढी विकिपीडियाची पानं सप्टेंबर २०२३ या अख्ख्या महिन्यात जगाने उघडली नव्हती. हे सगळं ४४३मधून, नियम पाळून.

पोर्ट मोजणारी फायरवॉल या तिन्ही वेळी काहीही करू शकली नसती. तिथे उपयोगी पडतो तो पॅच, आणि माराच प्रचंड असेल तर तुमच्यापेक्षा कितीतरी मोठी लाइन असलेला कोणी पाठीराखा. मे २०२५ मध्ये अशीच पाठराखण करणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने आपल्या एका ग्राहकावरचा हल्ला अडवला. तो शिखराला असताना वेग होता सेकंदाला ७.३ टेराबिट. ४५ सेकंदांत ३७.४ टेराबाइट एकाच पत्त्यावर ओतले गेले, दर सेकंदाला सरासरी २१,९२५ वेगवेगळ्या पोर्टवर. तुमच्या सर्व्हरची लाइन १ गिगाबिटची असेल तर हा मारा तिच्या ७,३०० पट. फायरवॉलने एकही पॅकेट आत घेतलं नाही तरी काय उपयोग? लाइन तिच्या आधीच तुंबलेली असते.

रखवालदारच कोसळतो तेव्हा

विरोधकांचा सर्वांत धारदार मुद्दा मात्र वेगळाच आहे: फायरवॉलमुळे सर्व्हर आणखी कमजोर होऊ शकतो.

आजची बहुतेक फायरवॉल स्मरणशक्ती असलेली असते. कोण कोणाशी बोलतंय याचं ती एक टेबल ठेवते. लिनक्समध्ये त्याला कॉनट्रॅक म्हणतात. अनेक सर्व्हरांवर त्याची मूळ मर्यादा असते २,६२,१४४ नोंदींची. जुळलेलं संभाषण गप्प पडलं तरी त्याची नोंद मुळात ४,३२,००० सेकंद, म्हणजे तब्बल पाच दिवस जपली जाते.

आता गणित करा. १ गिगाबिटच्या लाइनवर सर्वांत लहान आकाराची पॅकेट्स सेकंदाला १४,८८,०९५ बसतात. प्रत्येक पॅकेटवर खोटा परतीचा पत्ता घातला तर प्रत्येकासाठी नवी नोंद. २,६२,१४४ नोंदी भरायला लागतो सेकंदाचा पाचवा हिस्साही नाही. टेबल भरत आलं की कर्नल अर्धवट नोंदी खोडून जागा करू पाहतो, पण येणाऱ्यांचा वेग खोडण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटू लागते: ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’. त्या क्षणापासून फेकली जाणारी पॅकेट्स हल्लेखोराची आहेत की ऑर्डर देऊ पाहणाऱ्या ग्राहकाची, हे फायरवॉलला कळत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

गंमत अशी की सर्व्हरच्या टीसीपीकडे याच माऱ्यावर १९९६पासून उतारा आहे. डॅनियल बर्नस्टाइन यांनी सुचवलेल्या सिन-कुकीजच्या युक्तीत समोरच्याने उत्तर देईपर्यंत सर्व्हर काही लक्षातच ठेवत नाही. म्हणजे ज्या माऱ्यापुढे सर्व्हर टिकला असता, त्यापुढे त्याचा रखवालदार मान टाकतो.

आणि रखवालदाराच्याच कोटाच्या खिशातून चोर आला, असंही झालं आहे. मार्च २००४ मध्ये विटी नावाचा प्रोग्राम पसरला तो इंटरनेट सिक्युरिटी सिस्टिम्स या कंपनीच्या फायरवॉल आणि सुरक्षा उत्पादनांतल्या दोषातून. दोष जाहीर झाल्यानंतर जेमतेम दिवसभरात तो बाहेर पडला. पाऊण तासात सुमारे १२ हजार मशीन्स त्याच्या कचाट्यात सापडली आणि त्यांच्या डिस्कवरचा डेटा तो नासवत गेला. त्या मशीनवर सुरक्षेचं ते सॉफ्टवेअर नसतं, तर ती वाचली असती. २०१९ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेच्या १० कोटी ६० लाख ग्राहकांची आणि अर्जदारांची माहिती गेली, तीही चुकीची मांडणी केलेल्या वेब फायरवॉलला पुढे करून.

इथवरचा निकाल पाहिला तर फायरवॉल हरली असंच वाटेल. पण आकड्यांचा मोठा ढीग अजून बाकी आहे.

विसरलेलं दार

२५ जानेवारी २००३, शनिवार. भारतात सकाळचे ११ वाजत होते. स्लॅमर नावाचं अवघ्या ३७६ बाइटचं कोड इंटरनेटवर सुटलं. एक यूडीपी पॅकेट, एक मशीन काबीज. बाधित मशीन्सची संख्या दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत गेली. सुमारे तीन मिनिटांत जगभरात सेकंदाला साडेपाच कोटी पॅकेट्सचा मारा सुरू झाला होता. दहा मिनिटांत लागण होऊ शकणाऱ्या मशीन्सपैकी ९० टक्के गेलेली होती. एकूण किमान ७५ हजार. बँक ऑफ अमेरिकाची हजारो एटीएम अडली, दक्षिण कोरियाचं इंटरनेट कोलमडलं. पॅच सहा महिन्यांपूर्वीच निघाला होता.

स्लॅमर आला यूडीपी १४३४मधून. डेटाबेस शोधण्याच्या एका अंतर्गत सोयीचं ते पोर्ट. बाहेरच्या जगाला त्याचं काहीही काम नव्हतं. कित्येकांना तर आपल्या मशीनवर असा डेटाबेस आहे हेच ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर तो गुपचूप बसलेला होता. ‘माझ्या सर्व्हरवर दुसरं काही ऐकतच नाही’ हे वाक्य त्या सकाळी हजारो ॲडमिननी मनापासून म्हटलं असतं. पुढे साथ आटोक्यात आली, ती जगभरच्या सेवादात्यांनी १४३४ अडवल्यावर. म्हणजे फायरवॉलच्या एका नियमाने.

चौदा वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा. जानेवारी २०१७च्या पहिल्या पंधरवड्यात मोंगोडीबीचे २७ हजारांहून अधिक डेटाबेस पुसले गेले आणि त्यांच्या जागी खंडणीची चिठ्ठी आली, बहुतेक वेळा ०.२ बिटकॉइनची. हॅकिंग म्हणावं असं त्यात काही नव्हतं. पासवर्ड घातलेलाच नव्हता, आणि पोर्ट २७०१७ जगाला उघडं होतं. कोणती पोर्ट ऐकत आहेत याची यादी सर्व्हरवर काढली तर त्यात एक ओळ दिसते. १२७.०.०.१:२७०१७ असं लिहिलेलं असेल, तर डेटाबेस फक्त त्याच मशीनशी बोलतो. ०.०.०.०:२७०१७ असेल, तर अख्ख्या जगाशी. पडद्यावर फरक दोन आकड्यांचा. मोंगोडीबीने २०१७च्या अखेरीस ३.६ आवृत्तीत पहिली मांडणी सरसकट मूळची केली. तोवर बैल गेला होता.

विसरलेलं दार कधी दुसऱ्याच्या अंगावरही उलटतं. मेमकॅश्ड हा वेबसाइटचा वेग वाढवणारा साधा प्रोग्राम. यूडीपी ११२११ उघडं राहिलं, तर १५ बाइटच्या विनंतीला तो ७५० किलोबाइटपर्यंत उत्तर देऊ शकतो. हे झालं सुमारे ५१ हजार पट. विनंतीवर खोटा परतीचा पत्ता घातला, की हे सगळं उत्तर भलत्याच्याच अंगावर जाऊन पडतं. २८ फेब्रुवारी २०१८ला असे अनेक सर्व्हर वापरून गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला. त्या सर्व्हरांच्या मालकांनी कोणावर हल्ला केला नव्हता. त्यांनी एक पोर्ट तेवढं बंद केलं नव्हतं.

तिन्ही वेळी चूक साधीच होती: एखादी मूळ मांडणी, एखादा अपडेट, दुसऱ्या पॅकेजबरोबर आलेला एखादा प्रोग्राम. प्रोग्राम कंटेनर नावाच्या डब्यांत चालवणाऱ्या डॉकरने तर यात भरच घातली आहे. कंटेनरचं पोर्ट प्रकाशित केलं की डॉकर स्वतःचे नियम कर्नलमध्ये असे घालतो, की उबंटूच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलने ‘बंद’ म्हटलेलं पोर्टही बाहेरून उघडं राहतं. मशीनवरची फायरवॉल ‘सगळं ठीक’ म्हणते आणि डेटाबेस जगाशी गप्पा मारत असतो. म्हणून होस्टिंग कंपनीची मशीनबाहेरची फायरवॉल मिळत असेल तर तीही लावावी. तिच्या नियमांना डॉकर हात लावू शकत नाही.

बाहेर जाणारी वाट

वेब सर्व्हरचं काम उत्तर देण्याचं. स्वतःहून अनोळखी मशीनशी बोलणं सुरू करण्याचं कारण त्याला क्वचितच पडतं: अपडेट, डीएनएस, घड्याळ, एखादी पेमेंट सेवा. कोड रेडने पोर्ट ८०मधून आत शिरल्यावर काय केलं? त्याचे ९९ धागे त्याच सर्व्हरवरून वाट्टेल त्या पत्त्यांना ठोठावत सुटले. आत येणं फायरवॉलला थांबवता आलं नसतं; पसरणं थांबवता आलं असतं.

२०१७ मध्ये अमेरिकेच्या इक्विफॅक्समध्ये चोर अपाची स्ट्रट्सच्या दोषातून आले. वेब पोर्टलच्या उघड्या दारातून, पॅच निघून दोन महिने झाल्यावर. पण खरा घात झाला तो पुढे. त्या एका पोर्टलवरून त्याच्याशी संबंध नसलेल्या ४८ डेटाबेसपर्यंत वाट मोकळी होती. ७६ दिवस, सुमारे ९ हजार क्वेऱ्या, आणि १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती. पोर्टलला जे डेटाबेस लागत होते तेवढ्यांचीच वाट उघडी असती, तर चोरी झालीच असती, पण एवढी नाही.

निकाल

तर वेबसाइटसाठीच ठेवलेल्या सर्व्हरला फायरवॉल हवी का? हवी. हल्लेखोराच्या हुशारीवर तो उपाय नाही. आपल्या विसरभोळेपणावर आहे. विसरभोळेपणा सापडायला पूर्वी वर्षं लागत, आता ४५ मिनिटं लागतात. इतक्या कमी वेळात आपली चूक आपल्याच लक्षात येईल यावर कोणी पैज लावू नये.

पण ती असावी साधी आणि सडसडीत. ८० आणि ४४३वर येणारी वाहतूक कॉनट्रॅकच्या टेबलात न नोंदवता सोडा, म्हणजे रखवालदार गर्दीत चिरडला जाणार नाही. एसएसएच फक्त ठरलेल्या पत्त्यांना. बाकी सगळं मुळातच बंद, आणि बाहेर जाणाऱ्या वाहतुकीलाही हाच नियम. हे सगळं पंधरा-वीस ओळींत बसतं. त्यासाठी महागडी पेटी विकत घ्यायची गरज नाही, आणि ती पॅचला पर्यायही नाही.

आणि ते झाल्यावर आपल्या सर्व्हरची १,३१,०७२ पोर्ट एकदा बाहेरून, दुसऱ्या मशीनवरून तपासा. त्यासाठी लागणारी हत्यारं फुकट आहेत. समोरचा तीच वापरतो.